राजहऱ्याचं लोखंड आणि प्रमथनाथ बोस



आपल्या या मालेत लढाया झाल्या, किल्ले झाले, तह झाले. मी फौजेतला माणूस, त्यामुळे ते विषय ओघानंच येतात. आज मात्र विषय आहे एक छापील अहवाल. १८८७ साली कलकत्त्याहून निघालेल्या एका सरकारी वैज्ञानिक नियतकालिकात तो आला. त्याचं शीर्षक मराठीत सांगायचं तर ‘रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातला लोखंडाचा उद्योग’. लिहिणारे होते प्रमथनाथ बोस, भूवैज्ञानिक. सतरा वर्षांनी त्यांचं ते काम एका उद्योगपतीच्या मुलाच्या हाती लागलं आणि हिंदुस्थानातल्या पोलादाचा इतिहास वेगळ्या रस्त्याला लागला. अडुसष्ट वर्षांनी त्याच डोंगरांच्या भरवशावर भिलाईचा कारखाना इथं आणायचं ठरलं.

मी हे उतईहून बोलतो आहे. उतई म्हणजे छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातलं, भिलाईच्या दक्षिणेचं गाव; आता नगर पंचायत आहे. भिलाईच्या भट्ट्यांना लागणारं लोहखनिज आमच्या आणखी दक्षिणेला, ऐंशी-नव्वद किलोमीटरवरच्या दल्ली-राजहऱ्याहून येतं. बालोद, गुंडरदेही अशी स्टेशनं घेत मालगाड्या खाली उतरतात. डब्यांवर तांबडी धूळ असते. भिलाईत आयुष्य काढलेले माझे अनेक मित्र आहेत, त्यांत मराठी घरंही बरीच. रशियन इंजिनिअरांच्या आठवणी त्यांच्याकडे ढीगभर आहेत. पण ‘या डोंगराची पहिली शास्त्रीय नोंद कुणी केली?’ असं विचारलं की बैठक गप्प होते. म्हणून हा भाग.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर महाराष्ट्रातल्या वाचकाला वाटेल की हा परमुलखाचा विषय. छत्तीसगड आणि नागपूर यांचा संबंध जुना आहे. १७४१ मध्ये रघुजी भोसल्यांचे सेनानी भास्करपंत कोल्हटकर रतनपुरावर आले, पुढे बिंबाजी भोसल्यांनी तिथं बसून कारभार केला. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार केला आणि राजधानी नागपूरच ठेवली. दुर्ग हा जिल्हा १९०६ साली वेगळा झाला. त्याआधी हा सगळा मुलूख रायपूर जिल्ह्यात मोडायचा. बोसांच्या शीर्षकात ‘रायपूर जिल्ह्याचा पश्चिम भाग’ असं येतं ते यामुळे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत इथल्या माणसाला सरकारी कामासाठी नागपूरलाच जावं लागे. या डोंगरांचे कागद नागपुरात असणं हे त्या काळच्या व्यवस्थेला धरूनच होतं.

आता माणसाकडे येऊ.

प्रमथनाथ बोस यांचा जन्म १२ मे १८५५ चा, बंगालमध्ये गोबरडांग्याजवळच्या गैपूर गावचा. १८७४ मध्ये गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनला गेले. तिथं लंडन विद्यापीठाची पदवी घेतली आणि रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये शिकले. शिवालिक टेकड्यांत सापडलेल्या मांसभक्षक प्राण्यांची जीवाश्म हाडं तेव्हा ब्रिटिश म्युझियममध्ये होती. ज्यांचं वर्णन कुणी केलं नव्हतं अशा हाडांवर बोसांनी निबंध लिहिला. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात तो १८८० मध्ये छापून आला. लेखकाचं वय पंचविशीच्या आत. त्याच वर्षी ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाले. या खात्याच्या वरच्या श्रेणीत नेमले गेलेले ते पहिले भारतीय.

नर्मदेच्या खालच्या खोऱ्यावरचा त्यांचा मोठा निबंध १८८४ चा. त्यानंतर ते मध्य प्रांतात हिंडले. पावसाळा संपला की तंबू, घोडा, हातोडा, होकायंत्र घेऊन निघायचं, उन्हाळा चढेपर्यंत डोंगर-नाले पालथे घालायचे आणि पावसाळ्यात कलकत्त्याला बसून लिहायचं, असा तेव्हाच्या भूवैज्ञानिकांचा वर्षाचा क्रम असे. अशाच फिरतीत डौंडी-लोहारा जमीनदारीतले डोंगर त्यांनी पाहिले.

पण बोस हे नुसते दगडांचे अभ्यासक नव्हते. आजच्या भागाचं मर्म माझ्या मते इथं आहे. याच माणसानं १८८६ मध्ये बंगालमधल्या तांत्रिक आणि वैज्ञानिक शिक्षणावर पुस्तिका लिहिली. १८९४ ते १८९६ या काळात ‘ब्रिटिश अमदानीतील हिंदू संस्कृतीचा इतिहास’ या विषयावर इंग्रजीत तीन खंड लिहिले. धर्म, समाज, उद्योगधंदे, शिक्षण असा त्यांचा पसारा. म्हणजे एकाच लेखकाच्या नावावर एकीकडे जीवाश्म आणि खडक, दुसरीकडे समाजाचा इतिहास. आज एखाद्या शास्त्रज्ञाच्या नावापुढे भूगर्भशास्त्र आणि मेंदूविकार अशा दोन टोकांच्या विषयांवरचे शोधनिबंध दिसले तर आपण चकित होतो, आणि ‘याचं नक्की क्षेत्र कोणतं?’ असं विचारतो. बोसांनाही हा प्रश्न विचारता आला असता. त्याचं उत्तर १८८७ च्या त्या शीर्षकात मिळतं. शीर्षकात ‘लोहखनिज’ हा शब्द नाही. ‘लोखंडाचा उद्योग’ असे शब्द आहेत.

खनिज म्हणजे दगड आणि उद्योग म्हणजे माणसं. बोसांच्या आधी या डोंगरात कुणीच लोखंड पाहिलं नव्हतं असं मुळीच नाही. डौंडी-लोहारा या नावातच ‘लोहारा’ आहे. आपल्या चांद्याकडेही एक लोहारा आहे, तोही लोखंडाच्या डोंगराजवळ. गावांची नावं उगीच पडत नाहीत. मध्य भारतात अगरिया आणि इतर जमाती पिढ्यान्‌पिढ्या दगडापासून लोखंड काढत आल्या. त्यांची पद्धत थोडक्यात सांगतो. मातीची, छातीइतकी उंच भट्टी. तिच्यात लाकडी कोळसा आणि फोडलेलं खनिज थरांनी भरायचं. खाली कातड्याचे दोन भाते, आणि त्यांवर उभं राहून पाय आळीपाळीनं दाबणारा माणूस. काही तासांनी भट्टी फोडून आतला तांबडालाल गोळा चिमट्यानं काढायचा आणि ठोकून ठोकून त्यातला मळ बाहेर काढायचा. या भट्टीत लोखंड वितळून वाहत नाही. तेवढी उष्णता तिथं नसते. ते मऊ गोळ्याच्या रूपात जमतं. पण ते लोखंड चिवट असतं; नांगराचा फाळ, कुऱ्हाड, कोयता यांसाठी उत्तम.

जिथं असा धंदा चालतो तिथं चांगलं खनिज आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही. बोसांसारख्या माणसाला भट्टी दिसली की त्या भट्टीमागचा डोंगरही दिसायचा, आणि डोंगर पाहताना भट्टीवरचा माणूसही नजरेतून सुटायचा नाही. दगड आणि समाज हे दोन्ही विषय एका डोक्यात नांदत होते, म्हणून त्या अहवालाचं शीर्षक तसं आलं.

आता डोंगराबद्दल थोडं. दल्ली-राजहऱ्याचं खनिज हेमॅटाइट जातीचं. चांगल्या नमुन्यात शंभरातले पासष्टच्या आसपास भाग लोखंड असतं. हे खडक दोनशे कोटी वर्षांहूनही जुने. तेव्हाच्या समुद्राच्या पाण्यात लोखंड विरघळलेलं असे. सूक्ष्म जीवांमुळे पाण्यात प्राणवायू वाढला तसं ते लोखंड गंजून तळाशी बसलं. एक थर लोखंडाचा, एक थर गारगोटीसारख्या खडकाचा, असे पट्टे साचत गेले. नंतर कोट्यवधी वर्षं पाणी झिरपत राहिलं आणि काही ठिकाणी गारगोटीचा भाग वाहून जाऊन लोखंड तेवढं उरलं. ते म्हणजे आजचे हे तांबडे-काळे डोंगर. राजहरा त्यातलाच एक.

अहवाल छापून झाला. मग काय झालं? काहीच नाही. कारखाना उभा राहिला नाही, कंपनी निघाली नाही. अहवालातली माहिती खात्याच्या नकाशावर चढली आणि नकाशा भिंतीवर टांगला गेला.

आता गोष्ट नागपूरकडे वळते. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली होती. १८८२ मध्ये त्यांनी चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाविषयी रिटर फॉन श्वार्ट्‌झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल वाचला. लोहाऱ्याचं खनिज उत्तम, वरोऱ्याला कोळसा, दोन्ही नागपूरपासून जवळ. पोलादाचं स्वप्न तिथून सुरू झालं. पण पोलादाला चार गोष्टी लागतात: खनिज, चुनखडी, पाणी आणि कोक होऊ शकणारा कोळसा. कोक म्हणजे हवा लागू न देता भाजलेला कोळसा. मोठ्या भट्टीत तो जळतोही आणि वरच्या शेकडो टनांचा भार पेलतोही. जो कोळसा भाजल्यावर भुगा होतो तो तिथं कामाचा नाही. वरोऱ्याचा कोळसा त्यातला निघाला. शिवाय खाणींचे सरकारी परवाने इतक्या जाचक अटींचे होते की शहाणा माणूस पैसा घालणार नाही. १८९९ मध्ये कर्झनच्या काळात ते नियम सैल झाले, आणि साठी ओलांडलेल्या जमशेटजींनी विषय पुन्हा हाती घेतला. अमेरिकेतून चार्ल्स पेज पेरिन यांना सल्लागार नेमलं. पेरिननी आपले सहकारी सी. एम. वेल्ड यांना पुढे पाठवलं.

१९०४ च्या एप्रिलमध्ये वेल्ड आले. चांद्याचा उन्हाळा मी विदर्भातल्या वाचकांना काय सांगू! जोडीला जमशेटजींचे थोरले चिरंजीव दोराबजी आणि नातलग शापुरजी सकलातवाला. हेच सकलातवाला पुढे इंग्लंडच्या संसदेत कम्युनिस्ट खासदार झाले. बैलगाड्या, पाण्याचे हाल, वाघांचा वावर. खनिज होतं, पण विखुरलेलं. मोठ्या कारखान्याला पुरेल इतका एकवट साठा नव्हता. वेल्डनी सांगून टाकलं की इथं जमणार नाही.

आपण शोध थांबवतो आहोत हे सरकारला कळवायला दोराबजी नागपूरला गेले. पुढचा प्रसंग टाटा घराण्याच्या इतिहासात असा सांगितला जातो: ज्या अधिकाऱ्याला भेटायचं होतं ते जागेवर नव्हते. वेळ काढायला दोराबजी सचिवालयासमोरच्या संग्रहालयात शिरले. तिथं मध्य प्रांताचा भूवैज्ञानिक नकाशा होता. दुर्गच्या बाजूला त्यावर लोखंडाच्या खुणेचे गडद ठिपके दिसले. त्यांनी वेल्डना दाखवलं. मग त्या ठिपक्यांमागचं लिखाण शोधलं, आणि बोसांचा १८८७ चा अहवाल समोर आला.

नागपूरकर ज्याला अजब बंगला म्हणतात ते संग्रहालय १८६३ चं, सर रिचर्ड टेंपल यांच्या काळातलं. त्याच वर्षी नागपूरनं आपला पहिला मोठा दगड वाचणारा माणूस गमावला. तो म्हणजे स्टीफन हिस्लॉप. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच. धंद्यानं स्कॉटिश मिशनरी, पण रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी नागपूर परिसराच्या खडकांवर आणि जीवाश्मांवर लिहिलेला निबंध लंडनमध्ये १८५५ साली छापला गेला. दुसऱ्या बाजूनं ते गोंडांची भाषा, गाणी, चालीरीती टिपत होते. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटजवळची प्राचीन दगडी वर्तुळं पाहून परतताना बोरीच्या पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. त्यांची गोंडांविषयीची टिपणं टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली, म्हणून वाचली. तीही दोन विषयांत पाय असलेल्या माणसाची, आणि तीही छापली गेली म्हणून उरली. बोस आणि हिस्लॉप यांची जात, धर्म, देश, पोटापाण्याचा धंदा सगळं वेगळं. पण खडक पाहताना आजूबाजूच्या माणसांचीही नोंद ठेवायची सवय दोघांना होती.

तर, दोराबजी आणि वेल्ड दल्ली-राजहऱ्याला पोचले. डोंगर चढताना पायाखाली धातूसारखा आवाज येत होता, असं सांगतात. चांद्यात जे शोधून सापडलं नाही ते इथं उघड्यावर पडलं होतं. वेल्डसारखा मुरलेला माणूस थक्क झाला.

इथं कुणीही म्हणेल की मग टाटांचा कारखाना दुर्गला का झाला नाही? कारण त्या चार गोष्टींचं गणित. कोक होणारा कोळसा झरियाचा, म्हणजे इथून फार लांब. कारखान्यासाठी संबळपूरजवळ महानदीकाठच्या पदमपूरचाही विचार झाला. तेवढ्यात दुसरा कागद वजनदार ठरला, आणि तोही बोसांचाच होता.

या दुसऱ्या कागदामागे एक दुखरी कहाणी आहे. १९०३ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संचालकपदाची वेळ आली. बोसांची नोकरी तेवीस वर्षांची. नेमणूक झाली थॉमस हॉलंड यांची, सेवेत बोसांहून दहा वर्षं मागे असलेल्या अधिकाऱ्याची. हॉलंड हे मोठे शास्त्रज्ञ होते, याबद्दल वाद नाही. पण फौजेत ज्यांनी बढतीच्या याद्या लागताना पाहिल्या आहेत त्यांना कळेल, आपल्या हाताखाली येऊन शिकण्याच्या वयाचा माणूस डोक्यावर बसला की काय होतं. बोसांनी राजीनामा दिला आणि मयूरभंज संस्थानाचे भूवैज्ञानिक झाले. तिथं गोरुमहिसाणी डोंगरात त्यांना प्रचंड लोहसाठा आढळला. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांनी जमशेटजींना पत्र लिहून तो कळवला. जमशेटजी १९ मे १९०४ ला जर्मनीत वारले. पण पत्र फुकट गेलं नाही. पेरिन आणि वेल्ड मयूरभंजात गेले. गोरुमहिसाणी कोळशाला जवळ, कलकत्ता बंदराला जवळ. निर्णय झाला. २६ ऑगस्ट १९०७ ला टाटा आयर्न अँड स्टील कंपनी स्थापन झाली. सुवर्णरेखा आणि खरकाई यांच्या संगमाजवळच्या साकची गावात कारखाना उभा राहिला, आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये पहिलं पोलाद निघालं. तीच साकची आज जमशेदपूर आहे.

आता बोसांच्या पहिल्या कागदाची किंमत काय राहिली, असं वाटू शकतं. राजहरा पाहिला आणि सोडून दिला. पण मला तसं वाटत नाही. चांद्यात हात टेकल्यावर सगळं गुंडाळायची वेळ आली होती. त्या क्षणी राजहऱ्यानं दोन गोष्टी केल्या. देशात पहिल्या प्रतीचं खनिज डोंगरच्या डोंगर आहे याची खात्री पटवली, आणि बोस या माणसाच्या लिहिण्यावर विश्वास बसवला. ज्याचा सतरा वर्षांपूर्वीचा अहवाल जागेवर जाऊन तंतोतंत उतरला, त्याच्या नव्या पत्राला वजन येणारच.

राजहऱ्याची स्वतःची पाळी आली अर्ध्या शतकानं. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला: वर्षाला दहा लाख टन पोलादाचा कारखाना भिलाईला. त्या दिवशी या राज्याचं नाव मध्य प्रदेश असलं तरी राजधानी नागपूर होती, हे आपल्या लोकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. तेच जुनं गणित पुन्हा मांडलं गेलं. खनिज राजहऱ्याचं, चुनखडी नंदिनीची, पाणी तांदुळा जलाशयाचं, आणि मुंबई-हावडा लोहमार्ग दारातून जाणारा. कोळसा लांबचा असला तरी १९५५ मधल्या रेल्वेला १९०४ इतकी ती अडचण नव्हती. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. तेव्हापासून देशाच्या रेल्वेचे रूळ मुख्यतः इथले. २०२२ मध्ये नौदलात आलेल्या ‘विक्रांत’साठी ज्या सरकारी कारखान्यांनी खास पोलाद दिलं त्यांत भिलाई आहे. मी पायदळाचा, तरी त्या दिवशी माझी मान ताठ झाली.

पण या हिशेबाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय मला थांबता येणार नाही. बोसांच्या शीर्षकातला ‘उद्योग’ कुठं गेला? बाहेरून आलेल्या स्वस्त लोखंडानं त्याचं गिऱ्हाईक नेलं. १८७८ च्या जंगल कायद्यानं कोळशासाठी लाकूड तोडणं अवघड केलं. भट्टीवर कर होताच. व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ मध्ये अगरियांवर पुस्तक लिहिलं तेव्हा ते मावळत्या धंद्याचं चित्र होतं. मोठा कारखाना आला तेव्हा भात्यावर पाय ठेवणाऱ्या माणसाला त्यात कसबी कारागीर म्हणून जागा नव्हती. ज्यांच्या भट्ट्यांनी डोंगराची किंमत आधी ओळखली होती त्यांच्यातले बरेच पुढे मजूर म्हणून जगले.

खाणीतही माणसांचा हिशेब आपोआप झाला नाही. १९७७ मध्ये दल्ली-राजहऱ्याच्या कंत्राटी खाणकामगारांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली संघटना उभारली. गोळीबार झाला, माणसं गेली. याच कामगारांनी १९८३ मध्ये आपल्या पैशांतून आणि श्रमांतून शहीद हॉस्पिटल सुरू केलं. नियोगींची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत हत्या झाली. राजकारण कुणाचं बरोबर यात मी शिरत नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की खनिजाचे टन मोजणारा अहवाल आणि माणसं मोजणारा अहवाल वेगवेगळे झाले की अशी भांडणं अटळ होतात. बोसांच्या १८८७ च्या पानांत ते दोन्ही एका शीर्षकाखाली होते.

यातून आपण काय घ्यायचं? मी माझ्या अनुभवातलं सांगतो. तरुणपणी सीमेवर गस्तीहून परतलं की पाय कितीही दुखत असोत, आधी अहवाल लिहावा लागे. आमचे कंपनी कमांडर एक गोष्ट बजावत: तुमचा अहवाल असा लिहा की उद्या तुम्ही नसाल आणि दुसराच अधिकारी तो कागद घेऊन निघेल, तरी तो त्याच नाल्याशी पोचला पाहिजे. काय दिसलं, कुठं दिसलं, केव्हा दिसलं. जे दिसलं नाही ते लिहायचं नाही.

बोसांचा कागद या कसोटीला उतरला. लिहिणारा हजर नव्हता. वाचणारा त्यांना ओळखत नव्हता. मध्ये सतरा वर्षं गेली होती. तरी वेल्ड त्याच डोंगरावर पोचले. शोध ‘लागणं’ आणि शोध ‘नोंदला जाणं’ यातला फरक हाच. अगरियांना डोंगर ठाऊक होता, पण त्यांचं ज्ञान त्यांच्या हातापायांत होतं. भट्टी विझली की तेही विझलं. बोसांनी ते छापलं, म्हणून ते अनोळखी माणसाच्याही कामी आलं.

आणखी एक. बोसांना यातून काय मिळालं? खाणीची मालकी नाही, खात्याचं संचालकपद तर नाहीच. पण ते रुसून बसले नाहीत. बंगालमध्ये १९०६ साली स्थापन झालेल्या तांत्रिक संस्थेचे ते पहिले प्राचार्य झाले. तिचंच पुढे जादवपूर विद्यापीठ झालं. उतारवयात ते रांचीला राहिले आणि १९३४ मध्ये वारले. जमशेदपुरात त्यांचा पुतळा आहे, १२ मे रोजी तिथं त्यांचं स्मरण होतं.

आमच्या इकडे मात्र त्यांचं नाव फारसं कुणाच्या तोंडी नाही. राजहऱ्याच्या खाणी आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. उत्तम प्रतीचं खनिज संपत आलं म्हणून भिलाईची नजर रावघाटाकडे आहे, आणि त्या दिशेनं रेल्वेमार्ग टाकायचं काम हाती घेतलं गेलं. म्हणजे ज्या डोंगराची नोंद बोसांनी केली तो डोंगर आपल्या डोळ्यांसमोर सरतो आहे. तो पूर्ण सरण्याआधी दुर्ग-भिलाईच्या एखाद्या शाळेनं आपल्या मुलांना एकदा तिथं न्यावं, तो पट्ट्यापट्ट्यांचा खडक त्यांच्या हातात द्यावा आणि हा कुणी नोंदला, त्याआधी इथं कुणाच्या भट्ट्या पेटत होत्या, हे दोन्ही सांगावं. मी स्वतः आमच्या इथल्या दोन शाळांशी बोलणं सुरू केलं आहे. बसचं भाडं आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी मिळून देऊ.

महाराष्ट्रात, कर्नाटकात, गोव्यात, तेलंगणात, जिथं कुठं तुम्ही हे वाचत असाल तिथल्या जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर आणि भूवैज्ञानिक नोंदी एकदा उघडून पाहा. आपल्या गावच्या टेकडीबद्दल कुणीतरी काहीतरी लिहून ठेवलेलं असण्याची शक्यता बरीच असते. सापडलं तर मला जरूर कळवा. पुढच्या एखाद्या भागात त्यावर बोलू.

आज इथंच थांबतो. जय हिंद!